पानापानात बदाम: स्ट्रिंग ऑफ हार्ट्स काडीपासून कशी वाढवावी

पत्त्यातला बदाम नखाएवढा करावा, त्यावर चंदेरी नक्षी काढावी आणि असे बदाम जोडीजोडीने एका दोऱ्यात ओवून खाली सोडावेत, तशी ही वेल दिसते. स्ट्रिंग ऑफ हार्ट्स हे तिचं सगळीकडे चालणारं नाव, शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडाय. खोड दोऱ्याइतकं बारीक आणि जांभळट. त्यावर दीड-दोन सेंटिमीटरची थोडी मांसल पानं समोरासमोर येतात. पान वरून गर्द हिरवं आणि राखाडी-चंदेरी असतं, उलटं करून बघितलं तर फिकट, बऱ्याचदा जांभळट. मानवली की तिच्या सरी दोन मीटरपर्यंत सहज लोंबतात. भिंतीला चिकटत नाहीत, काठीचा आधारही मागत नाहीत.

तिचं बारीक खोड बघून नवख्या माणसाला वाटतं, ही आपल्या हातून जगायची नाही. खरं तर ती चांगलीच चिवट आहे. ती मरते ती बहुतेक वेळा लाडाने, म्हणजे रोजच्या पाण्याने. एका सरीपासून दहा-बारा नवी रोपं करता येतात आणि त्यासाठी महागडं काहीही लागत नाही. वेलीचं एक ठिकाण ओळखता आलं आणि ओल किती ठेवायची हे हाताला कळलं की बाकीचं काम तीच करते.

आधी वेल नीट बघा

वनस्पतींचे अभ्यासक जॉन मेडली वुड यांना 1881 मध्ये ही वेल दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागात दिसली, ती खडकावरून लोंबताना. पुढे ते डर्बनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले. 1894 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ श्लेश्टर यांनी वेलीला शास्त्रीय नाव दिलं, त्यातलं वुडाय हे वुड यांच्यावरूनच आलं. हा इतिहास सांगण्याचं कारण एकच, ‘खडकावरून लोंबताना’ हे शब्द. खडकाच्या कपारीत माती मूठभर असते. पाणी येतं आणि लगेच निथळून जातं, मग बरेच दिवस कोरडे. या वेलीची सगळी रचना त्या जगण्यासाठी आहे, म्हणून कुंडीतही तिला तसंच ठेवायचं.

आता एक सर हातात घ्या. पानांची जोडी जिथून फुटते तो किंचित फुगीर सांधा म्हणजे पेर. दोन पेरांमधला नुसता दोरा म्हणजे कांडी. मुळं फुटतात ती पेरातून आणि नवे कोंबही पेरातूनच. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा झोपलेला असतो, म्हणजे एका पेरावर दोन डोळे. ऊस लावताना टिपरीवर डोळा आहे ना हे बघतात, तसंच इथे. पेर नसलेली कांडी कितीही लांब घेतली तरी तिचं रोप होत नाही. नुसतं खुडलेलं पान कधीकधी मुळं धरतं, पण त्यातून वेल निघेल याचा भरवसा नाही. म्हणून काडी घेताना पेर मोजायची, सेंटिमीटर मोजत बसायचं नाही.

जुन्या सरींवर पेरापाशी मण्यासारख्या गाठीही दिसतील, वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान, राखाडी-तपकिरी. अनेकांना ती कीड किंवा रोग वाटतो आणि ते खरवडून काढतात. तसं अजिबात करू नका. ते वेलीचे हवेतले कंद आहेत. त्यांच्यामुळेच तिला जपमाळेची वेल असंही म्हणतात. कोरड्या दिवसांची शिदोरी त्यांत साठवलेली असते आणि मातीला टेकले तर त्यांनाच मुळं फुटतात. मातीखालीही असाच, पण मोठा कंद असतो.

कधी करायचं आणि जवळ काय हवं

वेल वाढीत असते तेव्हा काडी लवकर रुजते. दिवस मोठे आणि उबदार असावेत, तापमान साधारण 20 ते 27 अंश. कडाक्याच्या थंडीत काडी मरेलच असं नाही, पण आठवडेच्या आठवडे नुसती बसून राहते आणि त्या काळात कुजण्याचा धोका वाढतो. घाई नसेल तर थंडी सरू द्या.

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: धारदार कात्री, पुसायला स्पिरिट, आठ-दहा सेंटिमीटर रुंदीची उथळ कुंडी, झाकण असलेला एखादा पारदर्शक डबा आणि रुजवण्यासाठी माध्यम. कुंडीच्या तळाला भोक हवंच. भोक नसलेल्या सुंदर भांड्यात खाली खडे घालून काम भागत नाही, पाणी तिथेच साचतं आणि मुळं त्यावर बसून राहतात.

माध्यम म्हणून निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं पर्लाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) चालतं. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा क्षार असतात, म्हणून ते भिजवून दोन-तीनदा धुऊन, पिळून घ्यावं. स्फॅग्नम मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, मिळालं तर बारीक तुकड्यांसाठी ते मला जास्त आवडतं, ते ओल धरतं आणि तरी आत हवा खेळती राहते. बागेतली चिकट माती मात्र नको. ओल किती असावी याची खूण सोपी आहे: माध्यम मुठीत घेऊन जोरात दाबायचं. एखाद-दुसरा थेंब निघाला तर ठीक, धार लागली तर अजून पिळा.

मुळं फुटण्याची पावडर या वेलीला लागत नाही. असली तर लावा, नसली तर तिच्यासाठी अडून बसू नका.

सर सोडवणं आणि कापणं

यावर सहसा कुणी बोलत नाही, पण नवख्यांच्या हातून वेल तुटते ती इथेच. सरी एकमेकींत गुंततात आणि टोकाकडून ओढलं की मधलीच एखादी तुटते. कुंडीकडून सुरुवात करा. एक सर मुळाशी चिमटीत धरा, दुसऱ्या हाताची बोटं कंगव्यासारखी हळूहळू खाली न्या. हवी ती सर सुटी झाली की पानं धडधाकट आहेत ना ते बघा. सुरकुतलेल्या, तहानलेल्या वेलीला आदल्या दिवशी पाणी द्या आणि मग कापा.

कात्री स्पिरिटने पुसून घ्या. काडी कुंडीत उभी खोचणार असाल, तर कुंडीकडचं टोक तिरकं कापा आणि शेंड्याकडचं सरळ. कलमं करणाऱ्यांची ही जुनी सवय आहे. पानं गळून गेलेल्या काडीचं वर कुठलं आणि खाली कुठलं हे दहा मिनिटांनी आठवत नाही, आणि उलटी लावलेली काडी रुजायला रडते. कापलेल्या काड्या सावलीत दोन-तीन तास कागदावर पसरून ठेवा. जखम कोरडी पडली की कूज लागण्याची शक्यता कमी होते.

मूळ वेलीची काळजी करू नका. शेंडा गेला की त्याच्या मागच्या पेरांवरचे डोळे जागे होतात. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा काढला की तो दाब जातो आणि एका सरीच्या जागी पुष्कळदा दोन निघतात. लांबच लांब, विरळ झालेली वेल भरायची असेल तर तिला कापणं हाच उपाय आहे.

पद्धत पहिली: वेटोळं घालून

पहिल्यांदाच करत असाल तर याच पद्धतीने करा, असं मी आग्रहाने सांगेन. यात वेल कापायचीच नाही. आईपासून न तोडता बाळाला स्वतःच्या पायावर उभं करायचं.

मूळ कुंडीतल्या मातीवर जिथे जागा मोकळी दिसते तिथे एक लांब सर उचलून वर्तुळात गुंडाळून ठेवा. शेजारी दुसरी कुंडी ठेवून तिच्यातही सर नेता येते. पानं वर, पेरं खाली. आता केसांची पिन किंवा नालेच्या आकारात वाकवलेली पातळ तार घ्या आणि प्रत्येक दोन-तीन पेरांनंतर ती सर मातीत हलकेच टाचा. पेर मातीच्या नुसतं जवळ असून उपयोग नाही, ते मातीला टेकलं पाहिजे. मधे हवेची फट राहिली की मूळ फुटत नाही किंवा फुटून वाळतं. हवेतला कंद असेल तर तो अर्धा मातीत बसवा, पूर्ण गाडू नका.

मातीचा वरचा थर किंचित ओलसर राहील इतकंच पाणी, तेही फवाऱ्याने. तीन-चार आठवड्यांनी पिनेजवळची सर बोटाने अगदी हलके वर उचलून बघा. ती अडली, मातीने धरून ठेवल्यासारखी वाटली, तर मूळ खाली गेलं आहे. आणखी काही आठवड्यांत पानांच्या बगलेतून गुलाबीसर टोकं डोकावतात. हे कोंब दोन-तीन पानांचे झाल्यावरच शेजारच्या कुंडीतली सर मूळ वेलीपासून कापा. त्याच कुंडीत वेटोळं घातलं असेल तर कापायचं काहीच कारण नाही, कुंडीचं टक्कल आपोआप भरतं.

पद्धत दुसरी: जोडपानांचे तुकडे

थोड्या वेलीपासून जास्त रोपं हवी असतील तर ही पद्धत. प्रत्येक पेराच्या वर आणि खाली अर्धा ते एक सेंटिमीटर दोरा ठेवून कापायचं. हातात येतात दोन पानं आणि मधे छोटीशी दांडी, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी. पानांच्या वीस जोड्या असलेल्या सरीचे असे वीस तुकडे होतात. शेंड्याकडची अगदी कोवळी, तांदळाएवढी पानं यात घेऊ नका, त्यांच्यात तग धरण्याइतका साठा नसतो.

डब्यात दोन-तीन सेंटिमीटर जाड ओलसर मॉस पसरा. तुकडे त्यावर ठेवा, दांडी मॉसला चिकटलेली, पानं वर. पुरू नका, वरून बोटाने फक्त दाबा. झाकण लावा आणि डबा उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. बंद डब्यावर ऊन पडलं तर आतली पानं अक्षरशः शिजतात. रोज पाच-दहा मिनिटं झाकण उघडून हवा बदला. डब्याच्या आतून बारीक दव दिसणं चांगलं. थेंब ओघळत असतील तर ओल जास्त झाली, तेव्हा झाकण अर्धवट ठेवा.

पहिले दहा-बारा दिवस काहीच घडत नाही असं वाटतं. मग एके दिवशी तुकडा उचलल्यावर पेराच्या खालच्या बाजूला सालीला फुगवटा दिसतो, आणि त्यातून मिलिमीटरभर पांढरं टोक बाहेर आलेलं असतं, सुईच्या अग्राएवढं. भिंग असेल तर जरूर बघा. त्या टोकामागे धुक्यासारखी बारीक लव असते. पाणी शोषणारी हीच ती मूळरोमं, म्हणून बघून झालं की तुकडा लगेच होता तसा ठेवायचा, लव हवेत वाळायला वेळ लागत नाही.

मुळं दोन ते चार आठवड्यांत येतात, कोंब त्यानंतर. त्या मधल्या काळात पुष्कळ तुकड्यांच्या पेरापाशी आधी बारीकसा कंद तयार होतो. वरून काही दिसत नसलं तरी खाली काम चालू असतं, तेव्हा ‘गेलं वाटतं’ म्हणून टाकून देऊ नका. मुळं दोन सेंटिमीटरची झाली की सात-आठ तुकडे एकाच कुंडीत जवळजवळ लावा. एकेकटं लावलेलं रोप किती तरी महिने केविलवाणं दिसतं, घोळक्याने लावलेली कुंडी लवकर भरते.

पाण्यात आणि कंदापासून

पाण्यात रुजवणं सोपं आहे आणि मुळं डोळ्यांदेखत फुटताना दिसतात, लहान मुलांबरोबर करायला फार छान. आठ-दहा सेंटिमीटरची काडी घ्या, खालच्या दोन पेरांवरची पानं काढा आणि तेवढीच पेरं पाण्यात राहतील अशी ठेवा. पान बुडलं की सडतं. पाणी तीन-चार दिवसांनी बदला. मुळं दोन-तीन सेंटिमीटरची झाली की मातीत लावा. फार लांब वाढू दिली तर लावताना तुटतात आणि पाण्याला सरावलेल्या मुळांना मातीशी जुळवून घ्यायलाही वेळ लागतो. म्हणून मातीत गेल्यावर पहिले आठ-दहा दिवस ओल थोडी जास्त ठेवा, मग हळूहळू कमी करा.

कंदाची रीत आणखी सोपी, फक्त सावकाश. मणी दोन्ही बाजूंना थोडा दोरा ठेवून कापा, ओलसर माध्यमात अर्धा बसवा आणि वाट बघा. महिना लागतो, कधी दोन-तीन महिने. बोटाने दाबून तो टणक लागतो तोवर तो जिवंत आहे.

पाण्याचा हात

माझ्या पहिल्या आठ काड्या मी रोज सकाळी न चुकता वरून पाणी घालून मारल्या. दहा दिवस पानं तजेलदार होती, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असंच वाटत होतं. पानांत स्वतःचं पाणी साठलेलं असतं, ती उशिरा बोलतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. बाराव्या दिवशी एक काडी उचलली तर मातीतला भाग तपकिरी, लिबलिबीत होऊन हातात सुटून आला. सात काड्या तशाच निघाल्या. आठवी कुंडीच्या काठाशी कोरड्या जागी पडली होती, तीच जगली. आज माझ्याकडच्या सगळ्या सरी तिच्याच आहेत.

रुजेपर्यंत ओलसर आणि रुजल्यावर कोरडं होऊ देऊन मग भरपूर, असा हा हिशोब आहे. रुजलेल्या रोपासाठी पानच विचारायचं. कुंडीजवळचं एक जुनं, भरलेलं पान अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दुमडायचा प्रयत्न करा. ताठ राहिलं, दुमडायला नकार दिला, तर पाण्याची गरज नाही. मऊसूत दुमडलं तर तहान लागली आहे. तेव्हा तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या आणि बशीतलं साचलेलं पाणी ओतून टाका. अधूनमधून घोटभर पाणी देत राहणं सगळ्यात वाईट, वरचा थर सतत ओला राहतो आणि कंदाला खाली काहीच मिळत नाही. पान मऊ आहे पण माती ओली आहे, असं दिसलं तर पाणी देऊ नका, मुळं कुजली असण्याची शक्यता आहे. रोप काढून बघा, धडधाकट सरी कापून घ्या आणि पुन्हा डब्यात रुजवा.

कायमच्या कुंडीसाठी दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट, एक भाग जाडसर वाळू आणि मूठभर गांडूळखत पुरतं. कुंडी मुळांच्या मानाने लहानच ठेवा. मोठ्या कुंडीतली माती वाळता वाळत नाही. खत नवी पानं फुटेपर्यंत नको. नंतर वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाकिटावर सांगितल्याच्या निम्म्या मात्रेने द्रवखत द्यावं.

उजेड

लोंबती वेल म्हटलं की कुंडी छताजवळ टांगली जाते. तिथे सरींच्या टोकांना खिडकीचा उजेड मिळतो आणि कुंडीचा माथा अंधारात राहतो. मग वरची पानं गळतात, कुंडीत नुसते दोरे दिसतात. कुंडीच्या तोंडावर उजेड पडेल अशीच जागा निवडा, खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा खाली. सकाळचं कोवळं ऊन तिला मानवतं, दुपारचं रखरखीत ऊन पानं भाजतं.

उजेड पुरतोय का हे वेलच दाखवते. पानांच्या दोन जोड्यांमधलं अंतर वाढत चाललं, पानं लहान आणि फिकट येऊ लागली, चंदेरी नक्षी पुसट झाली, तर तिला उजेड कमी पडतोय. गुलाबी-पांढऱ्या कडांच्या प्रकाराला तर उजेड जास्तच लागतो. त्याची काडी घेताना रंग नीट असलेलीच सर निवडा, पूर्ण हिरवी परतलेली सर लावली तर रोप हिरवंच येतं.

किडी

पानाच्या बगलेत कापसाचा कण दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढा, आठवड्याने पुन्हा तपासा. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, तो पाण्याच्या बारीक धारेने धुतला जातो. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील तर माती फार ओली राहते आहे.

फूल आलं तर

उबदार दिवसांत, भरपूर उजेडात, एखाद्या पेरावर दोन-तीन सेंटिमीटरचं उभं फूल येईल. घाईघाईत ते नवीन कोंब समजून सुटून जातं. खाली फुगीर, मधे फिकट गुलाबी नळी आणि वर काळपट जांभळ्या पाच पाकळ्या, टोकाला एकमेकींना जुळलेल्या, जणू इवलासा कंदील. या प्रजातीच्या फुलांना मराठीत कंदीलपुष्प म्हणतात ते उगाच नाही. बारीक माश्या नळीत शिरतात. आतले केस खालच्या दिशेला वळलेले असल्यामुळे त्यांना परत फिरता येत नाही. केस सुकले की त्यांची सुटका होते, जाताना त्या पराग घेऊन जातात.

फूल आलेली सर तेव्हा काडीसाठी कापू नका, दुसरी घ्या. परागीभवन झालं तर बारीक शेंगांची जोडी धरते. ही वेल रुईच्याच कुळातली आहे, त्यामुळे शेंग वाळून तडकली की बियाही तशाच निघतात, पांढऱ्या रेशमी शेपटीच्या म्हाताऱ्या. शेंग तपकिरी व्हायला लागली की तिच्यावर पातळ कापडाची पुरचुंडी बांधून ठेवा, नाहीतर खिडकी उघडी असताना बिया उडून जातील. बिया ताज्या असतानाच ओलसर मॉसवर पसरा आणि तोच जुना झाकणाचा डबा पुन्हा उजेडात ठेवा.